दादाचा अंगठा

गेल्या दिवाळीत आमच्या घरी ज्या गोष्टीवरून वाद झाला ती सांगितली तर तुम्हांला हसू येईल. फराळाची ताटे समोर होती, चकली कुरकुरीत झाली आहे की कडक, यावर बायकामंडळींचे एकमत व्हायचे होते, आणि आम्ही तिघे पुरुष, म्हणजे माझा थोरला भाऊ दादा, पुण्याहून आलेला त्याचा मुलगा आणि मी, एका ब्रेकवरून हमरीतुमरीवर आलो होतो. ब्रेक मोटारीचा नव्हे, सायकलीचाही नव्हे. मासे धरण्याच्या काठीला दोऱ्याचे जे रीळ बसवलेले असते, त्या रिळाचा ब्रेक!

"भाऊजी, मासा गळाला लागला की ओढायचा. त्यात ब्रेक हवा कशाला?" वहिनींनी लाडवांचा डबा पुढे सरकवीत विचारले.

प्रश्न अगदी वाजवी होता. सोयगावसारख्या गावात जन्म काढलेल्या माणसाने मासे धरताना पाहिलेले असतात ते जाळ्याने, किंवा फार तर बांबूच्या काठीला दोरा बांधून. तिथे ब्रेकचे काय काम? पण मी आयुष्यभर शाळेत पदार्थविज्ञान शिकवले आहे, आणि प्रश्न विचारणारा कोणीही असो, खडू हातात घेतल्यासारखी माझी बोटे वळतातच. मी म्हटले, "वहिनी, आपल्या जुन्या वाड्यातला आड आठवतो का?"

त्या आडावर लाकडी रहाट होता. दोर त्याच्याभोवती गुंडाळलेला. बादली सोडली की ती आपल्या वजनाने दोर ओढीत खाली जाई आणि रहाट गरगर फिरे. बादली पाण्याला टेकली की तिचे ओढणे संपले. पण हे रहाटाला कोण सांगणार? तो आपल्या गुर्मीत फिरतच राही, दोराचे वेढे सैल पडत आणि एखादा वेढा कण्यात जाऊन असा अडके की शेजारच्या गड्याला हाक मारावी लागे. म्हणून आमची आई बादली सोडताना तळहात रहाटावर हलकेच टेकवीत असे. जोराने नव्हे, नुसता टेकवलेला. तो तळहात म्हणजेच ब्रेक.

गळाच्या रिळाचेही तसेच. काठीचा झोका दिला की टोकाचे आमिष हवेत सुटते, ते दोरा ओढते आणि दोरा रिळातली फिरकी फिरवतो. ती मिनिटाला हजारो फेऱ्यांच्या वेगाने फिरत असते. आमिष हवेला कापीत जाताना क्षणाक्षणाला मंदावते, फिरकी मात्र मंदावायला तयार नसते. आमिषाला हवा त्याहून जास्त दोरा ती सोडू लागते. तो जास्तीचा दोरा जाणार कोठे? तो फिरकीवरच उसळतो, वेढ्यात वेढा शिरतो आणि डोळ्याचे पाते लवते न लवते तोच हातात दोऱ्याचा एक भलामोठा गुंता येतो. इंग्रजी बोलणारे कोळी त्याला पक्ष्याचे घरटे म्हणतात. आमचा दादा त्याला खोपा म्हणतो. पण सुगरणीचा खोपा तरी देखणा असतो! लहानपणी पतंग एकाएकी पडला आणि मांज्याची चक्री तशीच फिरत राहिली तर काय होते, हे ज्याने अनुभवले असेल त्याला अधिक सांगायला नको.

दादाजवळचे रीळ लाल रंगाचे आहे. त्याची हकीकत थोडी सांगितली पाहिजे. दादा ऐन विशीत मुंबईला गेला आणि गोदीत नोकरीला लागला. १९७२ च्या दुष्काळात आमच्या घरची चूल त्याच्या मनीऑर्डरीवर पेटत होती. त्यानंतर दोन वर्षांनी त्याने एका परदेशी खलाशाकडून हे रीळ विकत घेतले. चामड्याची छोटी पेटी, तिच्यात ते लालभडक रीळ, तेलाची चिमुकली नळी आणि सुटे भाग. केवढ्याला घेतले, हे त्याने वहिनींना अजून सांगितलेले नाही. रविवारी तो पवईच्या तलावावर जाई. तिथे परवाना काढून गळ टाकणाऱ्या हौशी लोकांचे एक वेगळेच गोत्र होते. कोणी पारशी, कोणी गोव्याकडचे, कोणी निवृत्त साहेब. तिथेच त्याने ही विद्या उचलली.

रीळ स्वीडनमधले. आबू नावाच्या कारखान्याचे. या कारखान्याची गंमत अशी की तो स्वेंग्स्टा नावाच्या गावी १९२१ साली निघाला तो घड्याळे करण्यासाठी. नावाचा अर्थच मुळी 'घड्याळांचा कारखाना'. मग तेथे टॅक्सीचे मीटर होऊ लागले. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोल मिळेना, टॅक्सी थांबल्या, मीटर कोण घेणार? तेव्हा हे घड्याळजी मासे धरण्याच्या रिळांकडे वळले. त्यांचे 'अँबॅसडर' नावाचे लाल रीळ १९५० च्या दशकात निघाले आणि जगभर गेले. दाती-चाकांची, म्हणजे मुठीच्या एका फेऱ्यात फिरकीचे अनेक फेरे करणारी रिळे त्याच्याही आधी, एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला, अमेरिकेतल्या केंटकी राज्यात जॉर्ज स्नायडर या कारागिराने केली होती. तोही घड्याळजीच! घड्याळ्यांच्या हातांना माशांचे एवढे वेड का असावे कोण जाणे. बहुधा दिवसभर काळ मोजून झाल्यावर तो कोठेतरी वाया घालवावासा वाटत असेल.

आता या लाल रिळातला ब्रेक. कडेची तबकडी काढली की आत फिरकीच्या कण्याला आडवी अशी एक बारीक तार दिसते आणि तिच्यावर मण्यांसारखे ओवलेले दोन चिमुकले ठोकळे. फिरकी फिरू लागली की हे ठोकळे बाहेरच्या बाजूला ढकलले जातात आणि भोवतालच्या कड्याला घासू लागतात. गोफण फिरवताना दगड हाताला बाहेर ओढतो, तोच प्रकार. याला शास्त्रात केंद्रोत्सारी म्हणतात. शब्द अवघड आहे, पण वस्तू तुमच्या घरात होती. चावीचा ग्रामोफोन आठवा. तबकडी एकाच चालीने फिरावी म्हणून त्याच्या पोटात पोलादी पट्ट्यांवर बसवलेले शिशाचे तीन गोळे असत. यंत्र धावू लागले की गोळे बाहेर फाकत, एक चकती ओढली जाई आणि ती गादीला घासून वेग आवरी. कितीक लग्नांतले गाणे त्या तीन गोळ्यांच्या भरवशावर सुरात राहिले आहे!

सुटीत दादा गावी आला की आम्ही पहाटे फर्दापूरच्या पलीकडे वाघुरीच्या डोहावर जात असू. वाघूर म्हणजे तीच, जिच्या वळणावर अजिंठ्याची लेणी आहेत. लेण्यांतली चित्रे पाहायला जगातून लोक येत. आम्हां दोघांचा डोळा मात्र खालच्या डोहावर. तिथे मरळ असे. मरळ हा मोठा अजब मासा. त्याला पाण्यातल्या हवेवर भागत नाही. श्वास घ्यायला तो वर येतो आणि पाण्यावर एक बुडबुडा सोडून जातो. त्या बुडबुड्याच्या पुढे हातभर अंतरावर लाकडी बेडूक पडला पाहिजे. डोक्यावर पडला तर मासा बुजतो, लांब पडला तर त्याला पत्ताच नाही.

आणि दादा तो तसा पाडीत असे. कशाने? ब्रेकने नव्हे, अंगठ्याने. उजव्या हाताचा अंगठा फिरकीवर टेकलेला. झोक्याच्या टोकाला तो उचलला जाई, मग पुन्हा असा अलगद खाली येई की दोऱ्याला तो लागतो आहे की नाही हे त्यालाच ठाऊक. बेडूक पाण्याला टेकण्याच्या आधी केसभर, अंगठा फिरकी थांबवी. मी कितीदा विचारले, "दादा, केव्हा दाबायचं हे कळतं कसं?" तो म्हणे, "दोरा फुगायला लागला की अंगठ्याला गुदगुल्या होतात." मी विज्ञानाचा पदवीधर, मला हे उत्तर मुळीच पटत नसे.

एकदा मी या रिळाची सेवा करायला गेलो. दादा झोपलेला असताना तबकडी उघडून मी शिवणयंत्राचे तेल जिथे तिथे सोडले. ते कडे कोरडे दिसले, त्यालाही दिले. दुसऱ्या दिवशी डोहावर पहिल्याच फेकीला रिळाचा नेहमीचा घर्र आवाज आला नाही. नुसते सूं! आणि पाठोपाठ असा खोपा झाला की सबंध सकाळ तो सोडवण्यात गेली. दादाने रागावून विचारले नाही. त्याने रीळ कानाशी धरले, फिरकी बोटाने फिरवली आणि म्हणाला, "कड्याला तेल कुणी घातलं?" घासण्यावर चालणारा ब्रेक, त्याला तेल म्हणजे दारू पाजल्यासारखे. हा या जातीच्या ब्रेकचा एक दोष. तेल, पाणी, धूळ, काहीही गेले तरी त्याचा स्वभाव बदलतो. ठोकळे झिजतात ते निराळेच.

पण मी सांगत होतो गेल्या वर्षाचे. दादा निवृत्त होऊन गावी परतल्याला बरीच वर्षे झाली. वाघूर आता लांब पडते, म्हणून तो वेताळवाडीच्या किल्ल्याखालच्या धरणावर जाई. गेल्या वर्षी आषाढात एका सकाळी त्याच्या हातातून चहाची बशी पडली. उजवी बाजू गेली होती. जळगावला नेले, वेळेवर नेले म्हणून पाय परतला, बोली परतली. हातही बराचसा परतला. परतला नाही तो अंगठा. हलतो, पण त्याला स्पर्श कळत नाही. दादा सुई टोचून घेई आणि दुसरीकडे पाहत विचारी, "टोचली का?"

पंचाहत्तरी ओलांडलेल्या माणसाला झटका येतो आणि अंगठ्यावर भागते, म्हणजे देव पावला, असे आलेले गेलेले सगळे म्हणत. दादाही मान हलवी. पण त्याने लाल रिळाची पेटी कपाटाच्या वरच्या फळीवर टाकली, तिच्यावर जुन्या रजया रचल्या आणि नंतर माशांचा विषय काढला नाही. वहिनी मला एकदा बाजूला बोलावून म्हणाल्या, "भाऊजी, हे दिवसभर ओसरीवर बसतात आणि अंगठ्याकडे पाहतात. मला भीती वाटते."

पुतण्याला हे कळले. तो पुण्याला इंजिनियर आहे. त्याच्या पिढीचा असा समज असतो की प्रत्येक दुःखाला एक यंत्र असते. (समज अगदीच खोटा आहे असेही नाही.) दसऱ्याला तो आला तो एक नवे रीळ घेऊन. यात फिरकी फिरतच नाही. दोरा सुताच्या गुंडीवरून निसटावा तसा टोकावरून सुटत जातो. विलायतेतल्या इलिंगवर्थ नावाच्या लोकरगिरणीवाल्याने १९०५ साली याचे पेटंट घेतले होते, आणि कल्पना त्याला गिरणीतूनच मिळाली असणार हे रीळ पाहताच कळते. फिरकी नाही, म्हणून तो खोपा नाही. लहान मूलसुद्धा फेकू शकते. दादाने ते हातात घेतले, उलटसुलट केले आणि म्हणाला, "चांगलं आहे. लहान मुलाला दे."

म्हणून दिवाळीला पोरगा दुसरे घेऊन आला. हे फिरकीचेच होते, पण याचा ब्रेक चुंबकाचा. आणि इथे आमचा वाद सुरू झाला.

चुंबकाचा ब्रेक कशालाच घासत नाही. फिरकी ॲल्युमिनियमची, तिला चुंबक चिकटत नाही. पण ती चुंबकापुढून वेगाने फिरू लागली की तिच्या अंगात भोवऱ्यांसारखे फिरणारे वीजप्रवाह उठतात, आणि लेन्झ या शास्त्रज्ञाने १८३४ साली सांगितल्याप्रमाणे हे प्रवाह ज्या हालचालीने जन्मले तिलाच विरोध करतात. जन्मदात्याला अडवायचे, हा त्यांचा धर्म! फूको या फ्रेंच पंडिताने १८५५ मध्ये तांब्याची चकती चुंबकांमध्ये फिरवून हे दाखवून दिले. वहिनींना मी म्हटले, "आपल्या भिंतीवर पूर्वी विजेचं काळं मीटर होतं ना? त्यातली ती चकती सावकाश फिरायची. तिला आवरायला आत असाच एक चुंबक होता." आता आकड्यांची मीटरे आली आणि ती चकती गेली. विजेचे बिल जास्त आले की तिच्याकडे रागाने पाहण्याची सोयही गेली.

रिळांत ही युक्ती १९८० च्या दशकात रूढ झाली, ती मुख्यतः जपानी कारखान्यांमुळे. बाहेरच्या बाजूला एक खुंटी असते, तिच्यावर आकडे. आकडा वाढवला की आतले चुंबक फिरकीच्या जवळ येतात आणि पकड वाढते. तबकडी उघडायला नको, ठोकळे बदलायला नकोत.

"काका, सरळ हिशेब आहे," पुतण्या म्हणाला. "झीज नाही, तेलापाण्याची भीती नाही, वाऱ्यात काम देतं. लाल रीळ आता शोकेसमध्ये ठेवा."

मी मात्र लाल रिळाच्या बाजूने उभा राहिलो. मी पाटीवर गणित मांडले, अगदी खरोखर, नातीच्या पाटीवर. ठोकळ्याचे बाहेर ढकलले जाणे वेगाच्या वर्गाने वाढते. चुंबकाचा विरोध नुसत्या वेगाने. समजा, दोन्ही ब्रेक पूर्ण वेगाला सारख्याच जोराने धरतात. वेग निम्मा झाला की ठोकळ्यांची पकड चौथाईवर येते, चुंबकाची निम्म्यावर. वेग दहावा हिस्सा उरला की ठोकळ्यांची पकड शंभरावा हिस्सा, चुंबकाची अजून दहावा. म्हणजे ठोकळे फेकीच्या सुरुवातीला, जिथे फिरकी सर्वांत माजलेली असते, तिथे कडक धरतात आणि पुढे आमिषाला मोकळे सोडतात. चुंबक मात्र शेवटपर्यंत पदराला धरून चालतो. "तेव्हा लांब फेक हवी तर ठोकळेच," मी खडू ठेवीत म्हटले.

"आणि काका, शेवटी जे मोकळं सोडतात, तिथे कोण धरतं?" पुतण्याने विचारले.

मी बोलायला तोंड उघडले आणि माझी नजर दादाच्या हाताकडे गेली. तो चकलीचा तुकडा उजव्या हाताने उचलायचा प्रयत्न करीत होता.

पन्नास वर्षे मी ते रीळ पाहत होतो, पण हे माझ्या लक्षात आले नव्हते. शेवटची ती काही हातांची वाट, जिथे ठोकळे जवळजवळ गप्प होतात, ती त्या घड्याळजींनी अंगठ्यासाठी राखून ठेवलेली होती. मी वर्ग आणि एकघात यांचा हिशेब करीत बसलो होतो; कोणत्या ब्रेकने फेक किती लांब जाते, एवढेच पाहत होतो. पाहायचे होते ते हे, की कोणता ब्रेक हातासाठी किती काम मागे ठेवतो. चांगला अंगठा असलेल्या माणसाला ठोकळे हेच सुख. त्याच्या कामात ते लुडबुड करीत नाहीत. ज्याचा अंगठा अजून शिकला नाही, किंवा शिकलेले विसरला, त्याला शेवटपर्यंत सोबत करणारा चुंबक बरा. जपानी लोकांनी दोहोंची सांगड घालून, वेग वाढला की फिरकीचा एक भाग आपोआप चुंबकाच्या अधिक आत सरकेल अशीही रिळे केली आहेत असे पुतण्या सांगत होता, पण माझे तिकडे लक्ष नव्हते. मी फडक्याने पाटी पुसली. दादा म्हणाला, "पाडव्याला जाऊ या धरणावर."

पाडव्याला संध्याकाळी आम्ही गेलो. पावसाळा चांगला झालेला, पाणी काठोकाठ. वर डोंगरावर किल्ल्याचा तट उन्हात पिवळा दिसत होता. काठावर म्हातारा भोई जाळे सुकवीत होता. त्याला विचारल्याशिवाय दादा पाण्याला कधी शिवत नाही. "या मास्तर," तो मला म्हणाला, "आज लई दिवसांनी मोठ्या भाऊंना आणलं."

दादाने काठी डाव्या हातात घेतली. हे आमच्यापैकी कोणीच ठरवले नव्हते. रिळाची मूठ उजवीकडे असते. उजव्या हाताने फेकणारे फेक झाली की काठी डावीकडे घेतात आणि उजव्याने दोरा गुंडाळतात. आता फेकणे डाव्याकडे, गुंडाळणे उजव्याकडे. डॉक्टरांनी सांगितलेच होते की उजव्या हाताने काहीतरी फिरवीत राहा, मुठीत धरीत राहा. चेंडू दाबायला दिला होता, तो दादाने नातीला देऊन टाकला होता. ही मूठ मात्र तो फिरवू लागला.

पुतण्याने खुंटी नऊवर ठेवली. पहिली फेक कशीबशी पंधरा पावलांवर पडली. पण खोपा झाला नाही. दुसरी, तिसरी, दहावी, एकदाही नाही. डोंगरावरून वारा सुटला आणि आमिषाला तोंडावर अडवू लागला, तरी नाही. पुतण्याच्या चेहऱ्यावर विजय दिसत होता. दादा मात्र थोड्या वेळाने म्हणाला, "हे मुकं आहे रे."

खरेच, चुंबकाच्या रिळाला आवाज नाही. लाल रिळाचे ठोकळे घर्र करून आपला वेग सांगत. दादा अंगठ्याने जेवढा, तेवढाच कानाने फेकीत होता हेही मला तेव्हाच कळले.

पुढे मात्र आमचा नेम झाला. आठवड्यातून तीनदा मी माझ्या स्कूटरवरून दादाला नेई. पुतण्या दर रविवारी पुण्याहून फोन करी. तब्येत कशी आहे, असे विचारीत नसे, विचारी, "किती नंबरवर?" कार्तिक संपता संपता आम्ही आठवर होतो. मार्गशीर्षात सातवर आलो. आकडा खाली म्हणजे चुंबक लांब. आणि चुंबक जेवढा लांब सरकेल तेवढे काम डाव्या अंगठ्याने अंगावर घ्यायचे. दर वेळी आकडा उतरवला की पहिल्या दिवशी दोन-चार खोपे होत, आणि भोई काठावरून म्हणे, "मास्तर, धरणात मासे कमी, तुमच्या दोऱ्यात गाठी जास्त." मग हळूहळू गाठी कमी होत. डाव्या हाताचा अंगठा, ज्याने आयुष्यात शर्टाच्या गुंड्या लावण्यापलीकडे काही केले नव्हते, तो अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी धडे घेत होता.

वहिनी स्वयंपाकघरातून फोन ऐकत. एकदा शेजारणीला त्या सांगत होत्या, "आता बरं आहे यांचं. सातावरून सहावर आलेत." ती बिचारी समजली की साखर उतरली.

एक मरळ मिळाला, दीड किलोच्या वर. बुडबुडा पाहून दादाने टाकलेला बेडूक बरोबर हातभर पुढे पडला होता. मूठ फिरवताना उजवा हात थरथरत होता, पण त्याने मला हात लावू दिला नाही. दुर्दैवाने तो मार्गशीर्षातला गुरुवार. घरी लक्ष्मीचा कलश मांडलेला. मासा भोयाच्या टोपलीत गेला. त्या रात्री दादा खिचडी जेवता जेवता तीनदा म्हणाला, "काय ताकदीचा होता!"

माघात आम्ही चारवर आलो आणि तिथे बरेच दिवस थांबलो. होळीच्या आधीच्या आठवड्यात, डोंगरावर पळस फुलला असताना, मी स्कूटर घेऊन गेलो तेव्हा ओसरीवर रजयांचा ढीग पडलेला होता आणि दादाच्या मांडीवर ती चामड्याची पेटी. "तबकडी उघड," तो म्हणाला. "माझ्याच्यानं बारीक स्क्रू फिरत नाही. आतले लहान ठोकळे काढ, पेटीत मोठे आहेत ते घाल." मोठे ठोकळे जड, म्हणून पकड जास्त, ही त्याची आपली खुंटी. मी ठोकळे बदलले. कडे स्वच्छ फडक्याने पुसले. दादा माझ्या हातांकडे पाहत होता. म्हणाला, "तेल नाही ना घातलंस?"

धरणाचे पाणी बरेच खाली गेले होते. वारा पडलेला. दादाने डाव्या हाताने काठी मागे नेली आणि फेकले. घर्रर्र! वर्षभरात तो आवाज मी ऐकला नव्हता. बेडूक उंच गेला, लांब गेला, चुंबकाच्या रिळाने कधी नेला नव्हता तेवढा लांब. आणि शेवटी, जिथे ठोकळे गप्प झाले, तिथे अंगठा एक पळभर उशिरा पोचला.

खोपा तसा मोठाच होता. दादाने तो डोळ्यांजवळ धरून नीट पाहिला, मग दगडावर बसकण मारली, काठी मांडीवर आडवी घेतली आणि उजव्या हाताच्या तर्जनीने एक एक वेढा उचलू लागला. मी पुढे सरकलो तर म्हणाला, "राहू दे." भोई जवळ येऊन उकिडवा बसला. त्याने विडी काढली, पण पेटवली नाही.

तेवढ्यात माझा फोन वाजला. रविवार होता.

"काका, आज किती नंबरवर?"

मी दादाकडे पाहिले. त्याने मान वर न करता सांगितले, "सांग त्याला, याला नंबर नसतो." आणि सैल पडलेला एक वेढा ओठांत धरून तो पुढचा शोधू लागला.